रिपोर्ट नॉर्मल, सूजही नाही. मग सांध्यापाशी दुखतंय ते काय?

संधिवात असलेल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला एक चमत्कारिक प्रसंग येतो. डॉक्टरांच्या टेबलावर रक्ताचे रिपोर्ट असतात आणि ते चांगले असतात. सूज उतरलेली असते, एक्स-रे मागच्या खेपेसारखाच असतो. डॉक्टर समाधानाने मान हलवतात. तेवढ्यात समोरचा माणूस खुर्चीतून उठताना गुडघ्याला हात लावून ‘आई गं’ म्हणतो.

“पण दुखतंय हो.”

“कुठे?”

“इथे. म्हणजे अगदी इथेच असं नाही, इथून खाली, आसपास.”

डॉक्टर पुन्हा रिपोर्ट चाळतात. रिपोर्टात बदल झालेला नसतो.

घरी पोचेपर्यंत त्या माणसाच्या मनात दोन शंका घर करतात. डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी निसटलंय, ही एक. आणि दुसरी, जी तो कुणाला बोलून दाखवत नाही: हे सगळं माझ्याच मनाचे खेळ तर नाहीत ना? पहिली शंका कधीकधी खरी निघते. दुसरी जवळपास नेहमीच चुकीच्या पद्धतीने विचारलेली असते. दोन्हींची उत्तरं मिळायला आधी एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागते: सांध्याची अवस्था आणि सांध्याचं दुखणं ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक बघून दुसऱ्यातली सांगता येत नाही.

झिजते ते दुखत नाही

संधिवात हा एक आजार नव्हे, ते कुटुंब आहे. त्यातले दोन सदस्य सगळ्यांच्या ओळखीचे. एक झिजेचा संधिवात, जो वयाबरोबर गुडघे, खुबे, बोटं धरतो. दुसरा आमवात, ज्यात शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. अनाकलनीय दुखणं दोघांतही भेटतं.

हाडांच्या टोकांवर कूर्चा नावाचं गुळगुळीत आवरण असतं. ‘गादी झिजली’ असं आपण म्हणतो ते या कूर्चेबद्दल. आता गंमत बघा: निरोगी कूर्चेत नसाच नसतात, रक्तवाहिन्याही नसतात. म्हणजे जी झिजते, तिला स्वतःला दुखता येत नाही. दुखतं ते तिच्या आजूबाजूचं. सांध्याचं आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड, हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, या सगळ्यांत नसा असतात आणि त्या तक्रार करू शकतात.

त्यामुळे एक्स-रेमधली झीज आणि माणसाचं दुखणं यांचं गणित वारंवार चुकतं. एक्स-रेवर भरपूर झीज दिसणारे काही जण आरामात चालतात, तर जेमतेम झीज असलेल्यांना जिना नको होतो. 2002 साली अमेरिकेतले शल्यविशारद ब्रूस मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. गुडघ्यात झिजेचा संधिवात असलेले 180 रुग्ण घेतले. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतली झीज साफ केली, काहींचा सांधा नुसता धुतला आणि काहींच्या कातडीवर फक्त छेद देऊन टाके घातले. कुणाचं काय केलं ते रुग्णांना सांगितलं नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा केल्यावर तिन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. सांध्यातला ‘कचरा’ काढला म्हणून दुखणं गेलं असतं, तर निकाल असा लागला नसता.

सांध्यात की सांध्याशेजारी?

आता पहिल्या शंकेकडे येऊ. ‘कारण सापडत नाही’ असं म्हणण्याआधी कारण योग्य जागी शोधलं गेलंय का, हे पाहायला हवं. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. माणसाला संधिवात आहे हे एकदा कागदावर आलं, की पुढचं प्रत्येक दुखणं त्याच्याच नावावर चढवलं जातं. रुग्णही चढवतो, डॉक्टरही.

सांध्याभोवती, जिथे घर्षण होण्याचा संभव असतो तिथे, द्रवाने ओलसर असलेल्या छोट्या चपट्या पिशव्या असतात. त्यांना बर्सा म्हणतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्यापासून दोन-तीन बोटं खाली, अशी एक पिशवी असते. ती सुजली की माणूस ‘गुडघा दुखतो’ म्हणतो, पण बोट लावून दाखवायला सांगितलं तर बोट गुडघ्याच्या खाली जातं. खुब्याचंही तसंच. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं. कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या बाजूला दुखत असेल, तर संशय सांध्यापेक्षा तिथल्या कंडरांवर आणि बर्सावर घ्यावा. सोरायसिस या त्वचारोगाबरोबर येणारा संधिवात आणि मणक्याला सूज आणणारा स्पॉन्डिलायटिस यांत तर कंडरा जिथे हाडाला चिकटते नेमकी तीच जागा सुजते. टाच हे त्याचं आवडतं ठिकाण.

दुखणं पत्ताही चुकीचा सांगतं. खुबा बिघडलेला असताना फक्त गुडघा दुखू शकतो, कारण दोन्हीकडच्या नसांची मुळं काही अंशी सामायिक आहेत. गुडघ्याचे एक्स-रे काढून काढून थकलेल्या माणसाचा खुबा कुणी हलवूनच पाहिलेला नसतो, असंही घडतं. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात उमटतं आणि मानेतली दबलेली नस हातभर बोलते. मनगटातली नस दबली तर अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, हात झटकल्यावर बरं वाटतं. आमवातात मनगटाचं अस्तर सुजलेलं असेल तर हे आणखी सहज होतं.

काही दुखणी औषधांतून येतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाडाचा तो भाग मरू शकतो. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्ये मात्र ते उघड होतं. स्टेरॉइडमुळे ठिसूळ झालेल्या हाडाला बारीक चीर गेली तर तीही पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. स्टेरॉइडचा डोस उतरवताना अंग मोडून आल्यासारखं दुखू शकतं. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. स्तनाच्या कर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या काही हार्मोनरोधक गोळ्यांनी सांधे दुखतात. थायरॉइड मंदावणं आणि ड जीवनसत्त्व फार कमी असणं, ही आणखी दोन साधी कारणं.

शिवाय रक्ताचा रिपोर्ट चांगला म्हणजे सूज शून्य, असंही नसतं. सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या चाचण्या शरीरातल्या एकूण दाहाचा, म्हणजे सूज आणि गरमपणा आणणाऱ्या प्रक्रियेचा, अंदाज देतात. एखाद्या छोट्या सांध्यातली धुगधुगी त्यांना जाणवत नाही. हाताला न लागणारी सूज सोनोग्राफीत दिसू शकते. आणि आमवात किती आटोक्यात आहे हे मोजायला डॉक्टर 28 सांधे तपासून जो गुणांक काढतात, त्यात घोटे आणि पावलं धरलेलीच नाहीत. तुमची तक्रार पावलांची असेल तर मोजे काढून पाय दाखवा, असं मी आवर्जून सांगेन.

नुसतं ‘दुखतंय’ म्हणू नका

या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. दुखण्यासाठी आपल्याकडे ढीगभर शब्द आहेत, पण दवाखान्यात शिरलं की आपण ते उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि ‘खूप दुखतंय’ एवढंच सांगतो. खरं तर ठणका, कळ, चमक, सणक, रग, भगभग, मुंग्या, अवघडणं हे सगळे वेगवेगळे अनुभव आहेत आणि प्रत्येकातून काही सुगावा लागू शकतो.

सांधा गरम लागतोय आणि आत ठणका आहे, तर दाह असण्याची शक्यता वाढते. भगभग, मुंग्या, बधिरपणा असेल तर नसेकडे लक्ष जातं. एका विशिष्ट हालचालीला चमक भरते तेव्हा कंडरा किंवा स्नायू तपासावासा वाटतो. अवघडलेपणाची तर वेळ मोजावी: सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला तासभर लागत असेल तर दाह अजून आहे असं समजतात, आणि अर्ध्या तासाच्या आत मोकळे होत असतील तर पारडं झिजेकडे झुकतं. सांध्यापुरतं न राहता जागा बदलत फिरणारं, नुसती चादर लागली तरी नकोसं होणारं, थकवा आणि उथळ झोप सोबत घेऊन आलेलं दुखणं ही आणखी वेगळी जात. तिच्याबद्दलच पुढे बोलायचं आहे.

शब्दांवरून निदान होत नाही, हे मान्य. पण एकाच बोटाने जागा दाखवणं, नेमका शब्द वापरणं आणि ‘कशाने वाढतं, कशाने कमी होतं’ हे आधी लिहून नेणं, एवढ्याने पाच मिनिटांच्या भेटीत बराच पल्ला गाठता येतो.

दुधाने तोंड पोळलं की

समजा, हे सगळं तपासून झालं. बर्सा ठीक, नसा ठीक, औषधं निर्दोष, सोनोग्राफी स्वच्छ. तरी दुखतंय. मग?

1944 मध्ये इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर हे अमेरिकी भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करत होते. गंभीर जखमा झालेल्या, पण शुद्धीवर असलेल्या सैनिकांना ते ‘वेदनाशामक हवं का?’ असं विचारत. सुमारे तीन चतुर्थांश जण ‘नको’ म्हणत. जखम मोठी, दुखणं थोडं. मोझलींच्या प्रयोगात सांध्याची साफसफाई झाली तरी दुखण्यात वेगळा फरक पडला नव्हता. इथे शरीर फाटलेलं असून दुखणं गैरहजर होतं. म्हणजे इजा आणि वेदना यांच्या मधे कुणीतरी बसलंय, जो निरोप कमी-जास्त करून पुढे धाडतो.

तो मज्जारज्जू आणि मेंदू. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे; ते किती उघडायचं हे खालून येणाऱ्या स्पर्शांवर आणि वरून येणाऱ्या मेंदूच्या हुकमांवर ठरतं. ठेच लागल्यावर आपण ती जागा चोळतो तेव्हा हेच फाटक थोडं लोटून घेत असतो. पुढे 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त संवेदनशील होतात. आधी ज्या हलक्या स्पर्शाची दखल घेतली नसती, त्यालाही त्या उसळून प्रतिसाद देतात.

आपल्या पूर्वजांनी हे वेगळ्या संदर्भात फार नेमकं सांगून ठेवलंय: दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. संधिवाताने वर्षानुवर्षं खरोखर पोळलेली मज्जासंस्था नंतर प्रत्येक घोट फुंकू लागते. दूध केव्हाच निवलेलं असतं, फुंकायची सवय मात्र जात नाही. पाय टेकणं, कूस बदलणं, हवेतला गारवा, अशा निरुपद्रवी गोष्टींवरही ती ‘धोका’ असा शिक्का मारते. आणि शिक्का बसला की दुखतं, अगदी खरंखुरं दुखतं.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये या प्रकाराला नोसिप्लास्टिक वेदना असं नाव दिलं. नाव विसरलात तरी चालेल. अर्थ इतकाच, की ऊतींना इजा झाल्याचा किंवा नसेला दुखापत झाल्याचा स्पष्ट पुरावा नसताना, वेदनेची यंत्रणाच बिघडल्यामुळे होणारं दुखणं. अंगभर पसरलेला त्याचा एक प्रकार म्हणजे फायब्रोमायल्जिया, आणि तो आमवात असलेल्यांत इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. दोन्ही आजार एकाच अंगात नांदू शकतात. एक सापडला म्हणून दुसरा रद्द होत नाही.

“म्हणजे माझं दुखणं मानसिक आहे, असंच ना?”

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात जो राग असतो तो मला समजतो, कारण ‘मानसिक’ हा शब्द आपल्याकडे ‘खोटं’ या अर्थाने फेकला जातो. सगळ्याच वेदना मेंदूत घडतात, बोट कापल्याची सुद्धा. अतिसंवेदनशील झालेला मज्जारज्जू हा शरीराचाच भाग आहे. वाढलेला रक्तदाब जसा एक्स-रेवर दिसत नाही, तसा हा बदलही दिसत नाही.

त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं की माणूस स्वतःच्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा आदर राखला जावा. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. 2022 पासून ते लागू झालं. हे घरच्यांनाही वाचून दाखवायला हरकत नाही.

मनाचा संबंध आहेच, पण तो आवाज कमी-जास्त करण्यापुरता. काळजी, एकटेपणा आणि अपुरी झोप यांनी वेदनेचा आवाज चढतो. झोपेचं तर दुष्टचक्रच असतं: दुखतं म्हणून झोप लागत नाही, आणि झोप झाली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं.

“मग औषध वाढवून टाकूया की!”

इथे जरा थांबायला हवं. 28 सांध्यांच्या ज्या गुणांकाचा उल्लेख केला, तो चार गोष्टींवर ठरतो: किती सांधे सुजलेत, किती दाबल्यावर दुखतात, रक्तातला दाह किती आणि रुग्णाला एकंदर कसं वाटतंय. यांतल्या दोन गोष्टी दुखण्यावर अवलंबून आहेत. मज्जासंस्था ताक फुंकत असेल तर सूज नसताना गुणांक फुगतो, आणि आमवाताचं औषध विनाकारण चढवलं जाऊ शकतं. ते औषध दाहावर चालतं. दाहच नसेल तर ते काय करणार? दुष्परिणाम मात्र होऊ शकतात.

नेहमीच्या वेदनाशामकांचंही तसंच. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने, म्हणजे नाइसने, 2021 मध्ये अशा मूळ कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पॅरासिटामॉल, दाहशामक गोळ्या आणि अफूवर्गीय औषधं सुरू करू नयेत असा सल्ला दिला. भर दिला तो व्यायाम आणि मानसोपचारांवर. नैराश्यावरची काही औषधंही त्यांनी सुचवली. त्यांतलं ड्युलोक्सेटिन अमेरिकेत 2010 पासून स्नायू-सांध्यांच्या जुनाट वेदनेसाठीही मान्य आहे. नैराश्य नसलेल्यांनाही ते देतात, कारण मेंदूकडून खाली येणाऱ्या ‘आवाज कमी कर’ या हुकमाला ते बळ देतं. मळमळ होऊ शकते आणि ते एकदम बंद करायचं नसतं. सगळ्यांना गुण येतोच असंही नाही.

सांधा बदलण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक आकडा: गुडघा बदलल्यावर बहुतेकांना चांगला आराम पडतो, पण साधारण पाचांतल्या एकाचं दुखणं शिल्लक राहतं. शस्त्रक्रियेआधीच दुखणं ठिकठिकाणी पसरलेलं असेल तर ही शक्यता वाढते. तारीख ठरवण्याआधी याबद्दल शल्यविशारदांशी मोकळेपणी बोलावं.

“दुखत असताना हालचाल कशी करायची?”

फुंकून पिणाऱ्याला ताक गार आहे हे सांगून पटत नाही. घोटाघोटाने प्यायला लावावं लागतं. सावकाश वाढवलेली हालचाल हेच काम करते. स्नायू बळकट होऊन सांध्यावरचा भार हलका होतो, हा वेगळा फायदा.

घात होतो तो बऱ्या दिवशी. चार दिवस अंथरुणात गेलेले असतात, पाचव्या दिवशी जरा बरं वाटतं आणि माणूस साचलेली सगळी कामं उपसायला घेतो. सहाव्या दिवशी पुन्हा अंथरूण. मज्जासंस्थेला यातून एकच धडा मिळतो: हालचाल धोक्याची आहे. म्हणून वाईट दिवशीही जमेल इतकंच प्रमाण आधी ठरवावं. ते दहा मिनिटांचं चालणं असेल तर बऱ्या दिवशीही दहाच मिनिटं, आणि वाढ आठवड्याने, मिनिटा-दोन मिनिटांची. बरं वाटत असताना थांबणं दुखत असताना चालण्यापेक्षा अवघड जातं, असं अनेक जण सांगतात. व्यायामानंतर दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या खेपेला थोडं कमी करायचं. बंद करायचं नाही. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवसांचा नियम वेगळा. तेव्हा त्याला विश्रांती द्यावी, फक्त हलकेच हलवत ठेवावा.

रोज 0 ते 10 मध्ये दुखणं मोजत बसणं मला फारसं उपयोगाचं वाटत नाही. ज्याच्यावर सतत नजर ठेवावी ते मोठं होत जातं. त्यापेक्षा काय करता आलं ते लिहावं: जिना चढलो, बरणीचं झाकण उघडलं, रात्री दोनदाच जाग आली. पुष्कळदा दुखण्याचा आकडा तोच राहतो आणि ही यादी वाढत जाते.

“सगळं मज्जासंस्थेवर ढकललं आणि खरा आजार निसटला तर?”

ही भीती रास्त आहे. अतिसंवेदनशील मज्जासंस्था हे निदान एकदा झालं म्हणून कायमचं नसतं. दुखण्याचा स्वभाव बदलला, नवी जागा धरली, की पुन्हा पहिल्यापासून बघायचं. रात्री झोपेतून उठवणारं आणि दिवसेंदिवस वाढणारं दुखणं, आपोआप घटणारं वजन, स्टेरॉइड घेणाऱ्याच्या जांघेत नव्याने सुरू झालेली कळ, पडल्यानंतर टेकवता न येणारा पाय, यांसाठी पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. पाय लुळे पडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा बैठकीची जागा बधिर होणं ही तर थेट तातडीच्या विभागात जाण्याची लक्षणं.

आणि एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला झाला, ताप आला किंवा थंडी वाजली, तर ‘संधिवात उसळला’ असं घरच्या घरी ठरवू नका. संधिवाताने आधीच बिघडलेल्या सांध्यात जंतुसंसर्ग जास्त सहज होतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी आमवाताची औषधं चालू असतील तर ताप नावापुरताच येतो, कधी येतही नाही. सांध्यात पू झाला तर कूर्चा काही दिवसांतच खलास होऊ शकते. त्याच दिवशी सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायला हवं, आणि ते तपासायला घेतल्याशिवाय, परस्पर प्रतिजैविकाची गोळी घ्यायची नाही.